शिसपेन्सिलीवर शाई

३ फेब्रुवारी, मंगळवार

व्यवस्थापक म्हणाले, रोज किती पानं झाली ते लिहून ठेवत जा. म्हणून ही वही. आजची पानं: एकही नाही. टेबल पुसलं, दौत धुतली, खुर्चीवरची उशी बदलली.

ह्यांची खोली सभागृहाच्या मागच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर. एक टेबल, एक खिडकी, एक फोन, कागदांची तीन कपाटं. एकतीस वर्षं हे इथे बसून गायकांसाठी स्वरांच्या प्रती काढत होते. संगीतकार लिहितो ते शाईत पडलेल्या मुंग्या कागदावर चालल्यासारखं असतं. ते समजून घेऊन, उभ्या माणसाला हातभर अंतरावरून वाचता येईल असं लिहायचं, हे ह्यांचं काम. एकतीस वर्षांत एक चूक नाही, असं इथे सगळे सांगतात. मला सांगायची गरज नाही. घरी मीठ कुठे आहे ते त्यांना शेवटपर्यंत सापडलं नाही, पण ते वेगळं.

दीड महिन्यापूर्वी ह्याच खुर्चीत गेले. समोर चाळिसावं पान वाळत होतं.

काम मोठं आहे. साठ गायक, रंगमंच, नाव ‘परतीची बोट’. बंदरातलं अख्खं गाव एका बोटीची वाट बघत गातं. बोट शेवटी येते की नाही हे अजून ठरलेलं नाही, कारण संगीतकार आणि कवी एकमेकांशी बोलत नाहीत.

ह्यांची पद्धत अशी: आधी सगळं शिसपेन्सिलीत उतरवायचं, मग त्यावर शाई फिरवायची, शाई वाळली की वरून खोडरबर. शिसपेन्सिलीत एकशे अठराही पानं झालेली आहेत. शाई चाळीसपर्यंत. उरलेली अठ्ठ्याहत्तर मी करायची. “काकू, तुमचा हात त्यांच्यासारखाच आहे,” व्यवस्थापक म्हणाले. असायचाच. घरी कागदावर रेघा मीच मारून द्यायचे, आणि कामाची घाई असली की स्वरांखालचे शब्दही मीच लिहायचे. स्वर मला वाचता येत नाहीत. पण शिसपेन्सिल आहे तिथे शाई फिरवायला वाचता यावं लागत नाही.

लेकीचा फोन आला. “बरं झालं आई, नाहीतर घरी बसून काय करणार होतीस?” घरी बसून मी वाचते. शाळा चौथीत सुटली, त्यानंतरचं सगळं वाचनालयाने शिकवलं. पण लेकीच्या लेखी वाचणं म्हणजे बसणंच.

वाचनालयाचं एक जाडं पुस्तक घरी पडून आहे. अकरा पानं राहिलीत. परत करा म्हणून वाचनालयाची दोन पत्रं आली. छपाई फार बारीक आहे. सवडीने वाचीन.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पाच पानं.

भांडण कशावरून ते आज कळलं. दुसऱ्या अंकात सगळ्यात वरचा स्वर येतो तिथे कवीने ‘नदी’ शब्द ठेवलाय. संगीतकार म्हणतात तिथे तोंड उघडता आलं पाहिजे, ‘नदी’वर साठ माणसं दात दाखवत उभी राहतील. कवी म्हणतात, मग स्वर खाली आणा, नदी काही डोंगरावर नसते. यावर तीन महिने झाले, अबोला.

त्यामुळे सगळं चिठ्ठ्यांवर चालतं. संगीतकार चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवतात, कवी त्यांची ठेवतात, मी प्रतीत दुरुस्ती करते आणि तशीच चिठ्ठी छापून सगळ्या गायकांकडे जाते: अमुक पान, अमुक ओळ, असं वाचावं. खाली कुणाचीही सही नसते. ही ह्यांनीच पाडलेली रीत. कुणी बदललं हे गायकाला कळलं की तो बाजू घेतो, असं म्हणायचे.

आज संगीतकार स्वतः आले. उंच, खांदे पाडलेले, कोटाच्या दोन्ही खिशांत खडू. “त्यांना सांगा,” म्हणाले. ‘त्यांना’ म्हणजे कवीला. कवी बाहेर जिन्यातच उभे होते. मी दार उघडं ठेवलं म्हणजे सांगायचंही काम उरलं नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सत्तावन्नपर्यंत आले. हात बसला.

समासात मधूनमधून सूचना आहेत. पहिल्या चाळीस पानांतही होत्या: ‘इथे सगळे वळतात’, ‘दिवे मंद’. पुढच्या पानांवर त्या जरा बारीक अक्षरात आहेत. सत्तेचाळिसावर ‘घाई नको’. सत्तावन्नावर ‘बसावं थोडं’. मी त्याही नीट ठळक केल्या. संगीतकार गायकांचा इतका विचार करत असतील असं त्यांच्याकडे बघून वाटत नाही.

ह्या टेबलाशी चार तास बसलं की गुडघे धरतात. ह्यांचेही धरायचे. मग उठून पलीकडच्या स्टुलावर बसायचे, जणू स्टुलावर बसलं की ते बसणं नव्हे.

२३ फेब्रुवारी, सोमवार

एक्काहत्तराव्या पानाशी ‘खिडकी लावणे’. त्र्याऐंशीव्याशी ‘चष्मा पूस’.

दुसरी सूचना वाचून थबकले. पण कवितेत त्या जागी धुकं आहे, तेव्हा चष्मा पुसणं बसतं. मला कळत नाही म्हणून सोडून द्यायचं, तर निम्मं काम सोडावं लागेल. शाई फिरवली, वाळू दिली, खोडरबर मारला. पान स्वच्छ झालं की बरं वाटतं.

खिडकीतून वारा येतो आणि कागद उडतात. लावून घेतली.

५ मार्च, गुरुवार

शंभर पानांपर्यंतच्या प्रती छापून गायकांना मिळाल्या. आज पहिल्यांदा तालमीला खाली जाऊन बसले.

दिग्दर्शिका तरुण आहे, केस बारीक कापलेले, चालताना हातातल्या गुंडाळीने स्वतःच्याच मांडीवर ताल देते. ती कुणाशी अबोला धरत नाही, पण कुणाचं ऐकतही नाही.

सत्तावन्नाव्या पानाशी गायक थांबले. “बसावं थोडं,” तिने मोठ्याने वाचलं. मग संगीतकारांकडे बघितलं. त्यांनी छताकडे बघितलं. कवीकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले. “अच्छा,” ती म्हणाली, आणि साठही माणसांना गाता गाता हळूहळू खाली बसवलं. गुडघ्यावर हात टेकून, एकेक करून. अख्खं गाव वाट बघून थकलं. मागच्या रांगेत झाडूवाली होती, ती झाडू धरून उभीच राहिली.

बसणाऱ्यांत तोफ सगळ्यात शेवटी बसली. तोफ म्हणजे खालच्या पट्टीत गाणारी थोराड बाई, नाव कुणी घेत नाही. “काकू, ह्या वयात उठाबशा?” मला म्हणाली. “खाली गेले ती परतीच्या बोटीनेच उठणार मी.”

चष्म्याच्या जागी साठ माणसांनी चष्मे काढून पुसले. ज्यांना नाहीत त्यांना सामानघरातून दिले. दिग्दर्शिका म्हणाली, हा सगळ्या समाजाच्या नजरेचा प्रश्न आहे. असेल.

सुतार खऱ्या आकाराची खिडकी करतोय.

जाताना तिने विचारलं, “काकू, ह्या सूचना आहेत कुणाच्या?” मी म्हटलं, “प्रतीत आहे म्हणजे आहे. ह्यांच्या प्रतीत एकतीस वर्षं चूक निघालेली नाही.” माझा आवाज जरा चढलाच.

१२ मार्च, गुरुवार

गंमत झाली. संगीतकार वर आले, खुर्ची ओढून बसले. “ती खिडकी,” म्हणाले, “त्यांचीच ना कल्पना?” मी काही बोलायच्या आत पुढे: “त्यांना सांगू नका मी म्हणालो म्हणून. पण माणसाला कळतं. तो स्वर मी उतरवतोय.”

दुपारी कवी. बुटके, गळ्यात नेहमी एकच मफलर. “ते बसणं त्यांचं दिसतंय,” म्हणाले. “कबूल करायला हवं. नदीच्या जागी ‘लाटा’ चालेल का बघा. ‘टा’वर तोंड उघडतं.”

एकाच दिवशी एकाने स्वर खाली आणला आणि दुसऱ्याने शब्द बदलला. आता खालच्या स्वरावर ‘लाटा’ आहे आणि तोंड उघडायची कुणालाच गरज नाही. दोन्ही दुरुस्त्या एकाच चिठ्ठीत घातल्या. संध्याकाळी दोघं जिन्यात एकमेकांना “या ना” म्हणत दारातच अडकले होते.

ह्यांना सांगितलं असतं तर हसले असते. हे हसले की आवाज यायचा नाही, फक्त खांदे हलायचे.

१७ मार्च, मंगळवार

शेवटचं पान, एकशे अठरा. दुपारी चारनंतर पूर्ण केलं. शेवटच्या स्वरानंतर समासात: ‘हिला फोन’.

शाई फिरवली. वाळायची होती म्हणून खोडरबर मारला नाही. तेवढ्यात दिग्दर्शिका वर आली, पान उचललं, दोनदा वाचलं आणि टेबलावर बसली. चक्क टेबलावर.

“फोन,” म्हणाली. “म्हणजे बंदराच्या कचेरीत फोन आहे! पण काकू, ही कोण? ‘हिला’ म्हणजे कुणाला?”

मी घड्याळाकडे बघितलं. का बघितलं माहीत नाही. साडेचार वाजले होते.

“मला,” असं म्हणायला तोंड उघडलं होतं. “विचारून सांगते,” म्हणाले.

ती गेल्यावर चाळीसच्या आधीची पानं काढली आणि उजेडाकडे धरली. समासात खोडरबराचे ठसे आहेत. पुसलेलं वाचता येतं, नीट बघितलं तर. बाराव्या पानावर ‘गुडघा शेक’. एकोणिसाव्यावर ‘खिडकी’. तेविसाव्यावर ‘हिला फोन’. एकतिसाव्यावर पुन्हा ‘हिला फोन’. जे राहायचं त्यावर हे शाई फिरवत, आणि स्वतःचं स्वतःसाठी लिहिलेलं शाई न फिरवता पुसून टाकत. हे मला कधी बोलले नाहीत. मी कधी विचारलं नाही.

मग पुढची आठवली. बसावं थोडं. खिडकी लावणे. चष्मा पूस.

म्हणजे साठ माणसं ह्यांच्या गुडघ्यासाठी बसतायत.

आणि मी प्रत्येक पानावर खोडरबर मारला. आता वर माझी शाई आहे आणि खालचं अक्षर गेलं. फक्त ह्या एकाच पानावर आहे. ह्या पानाला कुणी हात लावायचा नाही. छापताना जरा करडं येईल, येऊ दे.

१८ मार्च, बुधवार

साडेचारचा फोन. लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

रोज साडेचारला हे इथून घरी फोन करायचे. मोबाइल कधी घेतला नाही, टेबलावरचा पुरे म्हणायचे. बोलायचे काय, तर “काय आणू?” मी म्हणायचे, “काही नको.” मग हे काहीतरी आणायचेच आणि ते नको असलेलंच असायचं. मला राग यायचा, कारण साडेचार ही माझी वाचायची वेळ. पुस्तकात बोट घालून मी फोन घ्यायचे आणि “हं, हं, बरं, ठेवते” म्हणून ठेवायचे.

त्या दिवशी अकरा पानं राहिली होती. फोन वाजला. मी म्हटलं, एवढं संपवते आणि मीच करते. बराच वेळ वाजला. पावणेपाचला दुसरा फोन आला तो व्यवस्थापकांचा होता.

लिहिलं. गेलं काही नाही डोक्यातून.

२० मार्च, शुक्रवार

दोन दिवसांत दिग्दर्शिकेने शेवट बसवला. कुणाला फोन ते तिला कळवायची गरजच उरली नाही, तिने ठरवून टाकलं. बोट येत नाही. सूर थांबतात. रंगमंचावर रिकाम्या कचेरीत फोन वाजतो. साठ माणसं त्याच्याकडे बघत उभी राहतात. कुणीही उचलत नाही. बारा वेळा वाजतो आणि पडदा.

मी मागच्या रांगेत बसले होते. सहाव्या घंटेला उठून बाहेर आले. माझ्या मागे मी दार लावलं तरी ऐकू येत होता.

नंतर तिला गाठून म्हटलं, “उचलू दे ना कुणालातरी.”

“काकू, न उचलण्यातच सगळं आहे.”

“उचलायला काय जातं? तिथेच तर उभे आहेत.”

ती हसली, वाईट मनाने नव्हे. “तुम्हाला वाटतं तसं नाटकात चालत नाही हो. आणि मूळ प्रतीत ‘उचलणे’ कुठे आहे?”

मीच सांगितलं होतं की प्रतीत आहे म्हणजे आहे.

२२ मार्च, रविवार

सरळ सांगून टाकावं. ही सूचना नव्हेच, सगळं माझ्या हातून झालं, म्हणजे फोन काढून टाकतील.

मग काय होईल तेही लिहिते. खिडकीही जाईल. बसणं जाईल. कवी आणि संगीतकार पुन्हा जिन्यात एकमेकांना ओलांडून जातील. आणि ह्यांच्या शेवटच्या कामाबद्दल लोक म्हणतील, त्या प्रतीत गोंधळ होता. माझी चूक म्हणून कोण लक्षात ठेवतं? प्रत ह्यांची.

न सांगावं, तर आठशे लोकांसमोर तो फोन बारा वेळा वाजेल, आणि रोज संध्याकाळी वाजेल.

सोमवारी सांगायचं.

२३ मार्च, सोमवार

सांगायला गेले. संगीतकार आणि कवी एका बाकावर बसून डब्यातलं खात होते. एकाच डब्यातलं. “या, काकू,” कवी म्हणाले, “शेवटच्या फोनबद्दल आम्ही आत्ताच बोलत होतो. कुणाचा आहे ते ठरत नाहीये. मी म्हणतो ह्यांचा, हे म्हणतात माझा.”

“इतकं साधं मला सुचत नाही,” संगीतकार म्हणाले. खडूची बोटं पुसत पुन्हा म्हणाले, “नाहीच सुचत.”

“घर असलेल्या माणसाचं आहे ते,” कवी म्हणाले.

मी म्हटलं, झाकण लावा, माश्या येतील. आणि वर आले.

२४ मार्च, मंगळवार

एक चिठ्ठी लिहिली. नेहमीच्या कागदावर, नेहमीच्या अक्षरात:

पान ११८, शेवट. फोन उचलावा.

सही नाही. सही कधीच नसते. छापायला दिली आणि साठ प्रती वाटल्या गेल्या. पन्नास दिवसांत मी ह्या सभागृहात स्वतःच्या मनाने लिहिलेले हे पहिले दोन शब्द.

२५ मार्च, बुधवार

दिग्दर्शिकेने चिठ्ठी वाचली, ओठ चावला, दोघांकडे आळीपाळीने बघितलं. संगीतकारांनी कवीकडे आदराने बघितलं. कवींनी संगीतकारांकडे. “शेवटी तुम्हीच ठरवलंत तर,” ती म्हणाली, आणि मान्य केलं. शुक्रवारी मी तेच सांगितलं तर नाटकात तसं चालत नव्हतं.

उचलायचं काम तोफेकडे आलं, फोनच्या सगळ्यात जवळ तीच उभी असते म्हणून. ती धापा टाकत दोन जिने चढून वर आली.

“काकू, उचलून बोलू काय? चिठ्ठीत काहीच नाही.”

“काही बोलू नकोस. ऐक.”

“किती वेळ?”

“समोरच्याचं बोलून होईपर्यंत.”

“समोर कोण आहे?”

“ते तुला काय करायचंय?”

तिने माझ्याकडे बघितलं. मग टेबलावरच्या फोनकडे. मग पुन्हा माझ्याकडे. “बरं,” म्हणाली, आणि चेष्टा न करता खाली गेली. तिला पहिल्यांदाच इतक्या हळू बोलताना ऐकलं.

२८ मार्च, शनिवार

पहिला प्रयोग. लेक आली होती, जावई आला होता. मला तिसऱ्या रांगेत बसवलं.

सगळं झालं. बसणं झालं. खिडकी लागली. चष्मे पुसताना माझ्या शेजारच्या गृहस्थांनी नकळत स्वतःचाही काढून पुसला. लेक कानात म्हणाली, “आई, हे बाबांसारखं करतायत सगळे.” मी म्हटलं, “गप, ऐक.”

शेवटी फोन वाजला. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्याला तोफ चालत गेली, पदराला हात पुसले आणि उचलला.

ठरल्याप्रमाणे नुसतं ऐकायचं होतं. पण फोन कानाला लावून गप्प राहणं कुठल्या बाईला जमलंय? “हं,” ती म्हणाली. थांबली. “हं.” आठशे लोक थोडे हसले. मग तिने फार वेळ ऐकलं. इतका वेळ की हसलेले गप्प झाले, खोकणारेही गप्प झाले. मग म्हणाली, “बरं. या.”

‘ठेवते’ म्हणाली नाही.

पडदा पडल्यावर कवी आणि संगीतकार एकमेकांना मिठी मारून, तुमचंच, तुमचंच, करत होते. दिग्दर्शिकेने दोघांना पुढे ढकललं. पत्रिकेत ह्यांचं नाव शेवटच्या पानावर आहे, तळाला, ‘प्रत’ ह्या शब्दापुढे. बारीक छापलंय पण अक्षर अन् अक्षर बरोबर आहे. तपासलं.

घरी आल्यावर दारात चपला काढताना लेक म्हणाली, “तुझ्या शाईचे डाग जात नाहीत का गं बोटांवरचे?” आणि माझा हात हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. डाग काही इतके नाहीत.

२९ मार्च, रविवार

पानं: काम संपलं. वही व्यवस्थापकांना द्यायला हवी, पण त्यांना आकडे हवे होते आणि हिच्यात आकडे कमी आहेत. दुसरी करून देईन.

एकशे अठरावं पान घरी आणलंय. विचारलं नाही कुणाला.

दुपारी साडेचारला ते पुस्तक काढलं. अकरा पानं. खूण होती तिथेच होती. चष्मा पुसला, खिडकी लावली, बसले. पाचच्या सुमाराला संपलं.

चांगलं पुस्तक आहे. उद्या परत करीन. शेवट ठीक आहे, इतकं काही नव्हतं त्यात.